टॉवेल पाण्यात चालत नाही

आई चांदवडची, सगळं आयुष्य कांद्यात गेलेली. आता आमच्याकडे गंगापूर रोडला राहते, पण लिफ्टमध्ये अजून भिंत धरून उभी असते. अशा बाईने एकाएकी जपानला जायचा हट्ट धरला. माझा धाकटा भाऊ तिकडे नोकरीला, त्याला बघायचं म्हणाली. दिवाळीत तो येणारच होता, पण तिला आत्ताच जायचं होतं. म्हातारपणी लाडावलीस, असं चिडवत मी रजा टाकली.

भावाने आम्हाला डोंगरातल्या एका गावी नेलं. वर उतारांवर स्कीइंग, खाली गरम पाण्याची कुंडं, छपरांवर थरावर थर बर्फ. गटारांतूनसुद्धा वाफ यायची आणि गंधकाचा वास डोक्यात जायचा. लोक फोटो काढत होते. मला ते गाव मुळीच आवडलं नाही.

उतरलो तिथे बायकांचं सामाईक न्हाणीघर होतं. आधी स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग कुंडात उतरायचं, अंगावर सूतही न ठेवता. आई रोज काहीतरी निमित्त काढून टाळायची. शेवटच्या दुपारी भाऊ स्कीइंगला गेला होता, न्हाणीघर रिकामं होतं आणि तिचे गुडघे थंडीने आखडले होते. बायाबायांत कसली लाज, म्हणत मी तिला जवळजवळ ओढतच नेलं.

ती परकर छातीवर बांधून आली, गावाकडे बायका नदीत उतरतात तशी. न्हाणीघर सांभाळणाऱ्या वयस्कर बाईने हसत, वाकून, हातानेच नको म्हटलं. आईने परकर सोडला, पण छोटा टॉवेल डाव्या छातीशी घट्ट धरला. बाई पुन्हा वाकली. टॉवेल पाण्यात चालत नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा असतो. आई ऐकेना, तेव्हा मीच वैतागून तो ओढून घेतला.

कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. बोंड आत ओढलेलं. काखेच्या बाजूला फुटलेली जखम आणि तिच्यात हळद भरलेली.

माझी सासू याच दुखण्याने गेली, त्यामुळे मला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून?"

"झाले की लय महिने." ती कुंडाच्या काठावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. "तुला सांगितलं असतं तर तू दवाखान्यात घातलं असतं. मंग पोराकडं कव्हा यायचं? झाकली मूठ बरी."

मला रडू आलं नाही, संताप आला. तिचे ब्लाउज मी रोज दोरीवर वाळत घालते. पिवळे डाग बघून, स्वयंपाक करताना जरा सांभाळून, असं तिलाच सुनावत आले होते.

"त्याला आज काय बोलू नको," आई म्हणाली. "सुखानं जेवू दे."

संध्याकाळी भाऊ लालबुंद गालांनी जेवायला बसला. आईच्या वाटीत स्वतःच्या हाताने भात वाढला. म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी फुलं येतात तेव्हा तुला परत आणतो. येशील ना?"

"येईन की," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आणू आपण तिला," मी म्हणाले.