गादीतले दोन पदर

मिस्त्री माणसासमोर लोक मोकळेपणाने बोलतात. याचं लक्ष नटबोल्टांत आहे, असा त्यांचा समज असतो. देशाच्या दिव्यांग खेळाडूंच्या पथकाबरोबर मी परदेशी गेलो होतो, चाकांच्या खुर्च्या आणि कृत्रिम पाय दुरुस्त करायला. पदकं खेळाडूंनी आणली. माझ्या पिशवीतून पाने, पकडी आणि हे किस्से आले.

धारवाडकडच्या तारिहाळला माझं वेल्डिंगचं शेड आहे; सगळे मला अण्णा म्हणतात. अळणावरजवळच्या खेड्यातली सुशीला गोळाफेक करते. झाडावरून पडल्यापासून तिला कमरेखाली काही जाणवत नाही, त्यामुळे ती बसून गोळा फेकते. त्यासाठी जमिनीला पट्ट्यांनी बांधायची लोखंडी खुर्ची लागते. ती मी केली.

विमानतळावर तपासणीवाल्याने ती खुर्ची चारी बाजूंनी पाहिली.

"याला चाकं कुठंयत?"

"नसतात," मी म्हणालो.

"मग ही चालते कशी?"

सुशीला म्हणाली, "चालत नाही. माझ्यासारखीच आहे."

त्याने शिक्का मारला.

*

पथकाचा ब्लेझर मलाही मिळाला होता. अंगात ब्लेझर, गळ्यात ओळखपत्र, त्यामुळे क्रीडाग्रामात मीही खेळाडूच वाटायचो. तिथली एक स्वयंसेविका रोज माझ्याकडे निरखून पाहायची. हात आहेत, पाय आहेत, चष्मासुद्धा नाही. शेवटी तिने आमच्या रमेशला हळूच विचारलं, "यांना नेमकं काय झालंय?"

रमेश धारवाडच्या सप्तापूरचा, कृत्रिम पायावर धावणारा. तो गंभीरपणे म्हणाला, "त्यांना इंग्रजी येत नाही."

त्या दिवसापासून ती माझ्यासाठी दार उघडून धरायची.

*

उद्घाटनाच्या संचलनाची तालीम चालली होती. आमचे पथकप्रमुख निवृत्त अधिकारी, कडक शिस्तीचे. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. ते ओरडले, "सगळ्यांचा डावा पाय एकदम पुढे आला पाहिजे!"

मागच्या रांगेतून कुबड्यांवरचा रमेश म्हणाला, "साहेब, माझा डावा अण्णांकडं दुरुस्तीला दिलाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "किती वाजेपर्यंत होईल?"

*

आता सुशीलाच्या खुर्चीचं.

नियम असा, की खुर्चीची बैठक गादीसकट पंच्याहत्तर सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. सुशीलाची गादी तिच्या आईने कौदी म्हणजे गोधडी शिवतात तशी शिवलेली, जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून आरपार टाके घातलेली. दुसऱ्या कुठल्याही गादीवर तिला जखमा होतात. एकदा झाल्या, तेव्हा चार महिने ती पालथी पडून होती. मी घरून मोजून निघालो होतो, बरोबर पंच्याहत्तर.

तिच्या स्पर्धेच्या दिवशी, तपासणीला दोन तास असताना, सहज पुन्हा मोजलं. सहा मिलिमीटर जास्त भरलं. तीनदा मोजलं, तेवढंच.

सुशीला म्हणाली, "अण्णा, निघायच्या आदल्या दिवशी आईनं गादीत अजून दोन पदर घातले की. तिकडं थंडी असते म्हणाली."

खुर्ची नापास झाली, तर सुशीलाची सहा वर्षांची मेहनत तिथेच संपणार होती. पदर उसवायचे तर टाके आरपार, सगळी गादीच सुटली असती. खुर्चीचे पाय कापायचे तर ग्राइंडर वर्कशॉपमध्ये, आणि वर्कशॉप जेवणासाठी दोन तास बंद.

"दाबून बघूया," रमेश म्हणाला आणि गादीवर बसला. एक मिलिमीटर गेला. मग आमचे वजन उचलणारे दोघे आळीपाळीने बसले. आणखी दोन गेले. तेवढ्यात साहेब आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ब्लेझर काढला, घडी घातली आणि फाईल घेऊन बसले. वीस मिनिटं सह्या करत होते. कोणी काही विचारलं, तर "बसलोय" एवढंच म्हणायचे.

तरी एक मिलिमीटर राहिला.

बाजूला सुशीलाच्याच स्पर्धेतली एक परदेशी बाई आपल्या चाकाच्या खुर्चीतून हे बघत होती. आमच्या सगळ्यांपेक्षा थोराड. तिने खुणेने विचारलं, रमेशने खुणेनेच सांगितलं. ती पुढे आली आणि साहेबांना उठायची खूण केली. साहेब उठले. आम्ही चौघांनी उचलून तिला गादीवर ठेवलं. तपासणीच्या अधिकाऱ्याने सुशीलाचं नाव पुकारेपर्यंत ती हलली नाही.

पंच्याहत्तर. अधिकाऱ्याने दोनदा मोजलं आणि पास केलं.

सुशीला तिसरी आली. ती परदेशी बाई चौथी. तिने येऊन सुशीलाची पाठ थोपटली, मग गादीही थोपटली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

सुशीलाने तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. तिसरी आल्याचं सांगितलं. आई लगेच म्हणाली, "बघ. मी दोन पदर जास्तीचे घातले म्हणून."

सुशीलाने माझ्याकडे पाहिलं, रमेशकडे पाहिलं, ब्लेझर घालणाऱ्या साहेबांकडे पाहिलं.

"होय आई," ती म्हणाली.