भोंगा गप्प बसला तेव्हा

डेपोत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे ‘भोंगा’च म्हणत आणि तीही खुशाल ओ देई. बसमध्ये कंडक्टर होती. इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून थांबे पुकारता पुकारता गळा असा काही तयार झाला होता, की घरात तिनं नुसतं मीठ मागितलं तरी शेजारीण दार उघडून बघायची.

हाच गळा रविवारी हॉकीच्या मैदानावर कामी येई. आपल्या संघाच्या गोलमागची, जाळीला लागून असलेली पायरी ही तिची जागा. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलत, तेव्हा बाईसाहेबही पिशवी उचलून दुसऱ्या टोकाला जात. वाटेत चहाच्या रांगेत उभं राहायचं ते वेगळंच.

यंदा मात्र संघाचं काही खरं नव्हतं. ज्यानं त्यानं यावं आणि टपली मारून जावं, अशी गत. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत सोमवारी डबे उघडले, की आधी संघाची चिरफाड व्हायची.

“तुमच्या त्या नवाबाला आधी बाकावर बसवा,” तिच्या बसचा ड्रायव्हर म्हणायचा. नवाब म्हणजे संघाचा लाडका फॉरवर्ड. “कमरेवर हात ठेवून उभा असतो नुसता. चेंडू आयता समोर आला तर उपकार केल्यासारखा मारतो. मागं धावून येणं म्हणजे याला कमीपणा!”

“नवाबाचं राहू द्या हो! त्यानं पुढं दोन मारले तर आपला गोली मागं तीन सोडतो,” ती म्हणायची.

“अगं बाई, बचाववाले आ वासून बघत बसतात. तो एकटा काय काय करेल?”

“मग उभा कशाला केलाय? शोभेला? त्याच्यापेक्षा चाळणी बरी, चाळणीत निदान खडे तरी अडकतात!”

खोली खो खो हसली. झालं, तेव्हापासून गोलीचं नाव चाळणी. पुढच्या रविवारी तिनं पायरीवरून एकदाच आरोळी ठोकली आणि बघता बघता अख्खं मैदान ‘चाळणी! चाळणी!’ करायला लागलं. पोराचं बारसं केल्यासारखी ती मिरवत होती. खेळ सुरू असताना मात्र तिच्या तोंडून दुसरंच निघायचं. हा गडी सारखा उजवीकडे सरकतो हे तिला मागून दिसायचं, मग राहवायचं नाही. “डावीकडे! अरे, डावीकडे बघ!”

तर अशी ही बाई. आणि तिची एकुलती एक मुलगी दवाखान्यात हातपाय आखडलेल्यांकडून व्यायाम करून घ्यायची. कुठलंही स्थळ काढलं, की नाक मुरडायची. आईनं आशा सोडली होती. आणि एक दिवस मुलगी आपणहून म्हणाली, “शनिवारी संध्याकाळी एकाला घरी बोलावलंय. वीज कार्यालयात आहे. तुम्ही दोघं बघा तरी.”

आई हरखली. पडदे धुतले, कपाटातले चांगले कप काढले. मुलगा आला. उंच, लाजरा, जरा लंगडत चालणारा. नमस्कार झाला. आई तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगी टाळी वाजवून म्हणाली, “आई, मुद्दाम सांगितलं नव्हतं. हा तुझ्या संघाचा गोलकीपर! गुडघा दाखवायला आला, आणि उपचार संपले तरी येतच राहिला.”

आईचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. चेहरा कसा ओळखणार? तोंडावर जाळीचं शिरस्त्राण, आणि हिला सवय ती त्याची पाठ बघायची. आणि त्याचं तोंड कायम मैदानाकडे, म्हणजे त्यानंही हिला पाहिलेलं नाही. ऐकलेलं मात्र आहे! एक शब्द बोलले तर पोरीचं लग्न मोडलं! तिनं मान हलवली, हसली आणि बसली.

मुलानं विचारलं, “कशा आहात काकू?” तिनं पुन्हा मान हलवली. नोकरी, घर, भावंडं, सगळं नवऱ्यालाच विचारावं लागलं. जन्मात घरी एवढं बोलायची संधी त्याला मिळाली नव्हती. बायकोचे मैदानावरचे पराक्रम त्याला ठाऊक होते, त्यामुळे मधेच हसू दाबताना त्याला ठसका लागत होता.

स्वयंपाकघरात मुलीनं आईला गाठलं. डोळ्यांत पाणी. “आवडला नाही ना तुला? चोवीस तास बोलणारी तू, आणि त्याच्याशी एक शब्द नाही. सांगते मी त्याला, आईला पसंत नाही म्हणून.”

आता काय करावं? इकडे आड, तिकडे विहीर. “तसं नाही गं बाळा,” एवढंच ती कुजबुजली आणि बाहेर आली. तेवढ्यात नवऱ्याला पुन्हा ठसका लागला, कोपर टेबलाला बसलं आणि भरलेला कप पाहुण्याच्या डाव्या बाजूला घरंगळला.

“डावीकडे!”

खिडकीची तावदानं थरथरली. पोराचा डावा हात आपोआप गेला आणि कप वरच्यावर झेलला गेला. चहा सगळा पँटवर.

“काकू,” तो सावकाश म्हणाला, “तो आवाज तुमचा?”

“माझा.” आता लपवून काय होणार होतं! “आणि चाळणी हे नावही मीच ठेवलं. जीभ माझी घसरली, पोरीला बोल लावू नकोस. तिला यातलं काही माहीत नाही.”

त्यानं कप टेबलावर ठेवला. “पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री झोप आली नव्हती. फार लागलं होतं.” तिची मान खाली गेली. “पण काकू, डावा गुडघा दुखायचा म्हणून मी नकळत उजवीकडे सरकायचो. त्या गदारोळात डावीकडे बघ असं सांगणारं एकच माणूस होतं. आमचे बचाववालेसुद्धा सांगत नाहीत. हल्ली मी तुमच्या आवाजावरच खेळतो.”

“मग गेल्या रविवारी तो शेवटचा गोल कसा खाल्लास?” तोंडातून निघून गेलंच.

“मध्यंतरानंतर तुम्ही उशिरा येता.”

“अरे देवा, ती चहाची रांग!”

नवरा हसता हसता खुर्चीतून खाली यायचा बाकी राहिला. मुलगी रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. आणि आईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं पाहुण्याला नवऱ्याची पँट आणून दिली. ती घोट्याच्या बरीच वर राहिली, तर त्यावरूनही तिनं मनसोक्त बोलून घेतलं.

रविवारी तिनं चहा घरूनच थर्मासात नेला. मध्यंतर झालं तशी धावत दुसरं टोक गाठलं. गोली आला, त्यानं मागं वळून एकदा बघितलं आणि काठी खांबावर टकटक वाजवली. मागच्या पायरीवरून कुणीतरी सुरू केलं, “चाळणी!” ती गर्रकन वळली.

“खबरदार! पुन्हा ते नाव काढाल तर!”

“अगं, तूच ठेवलंस ना?” सामना बघायला आलेला तिचा ड्रायव्हर म्हणाला.

“मी ठेवलं, मीच मोडते. गप बसा आणि खेळ बघा.”

नवाब त्या दिवशीही पुढं उभाच होता, बचाववाले तसेच आ वासून. पण शेवटी समोरच्यांचा चेंडू डाव्या कोपऱ्याकडे सुटला, ती जिवाच्या आकांतानं ओरडली आणि पोरानं तो डाव्या पायावर घेऊन बाहेर ढकलला. सामना बरोबरीत सुटला. हरलो नाही! पायरीवर बसून तिनं थर्मास उघडला, तेव्हा गळ्यातून आवाजच येईना.

सोमवारी बसमध्ये थांबे प्रवाशांनीच पुकारले.