मामाचे सर्चलाइट

नाट्यगृहाच्या लाइटवाल्याला सगळेच मामा म्हणत, पण सख्खा मामा तो एकीचाच. ही भाची कॉलेजात इतिहास शिकवायची आणि तिचा इतिहासाचा पॉडकास्ट मामाच्या लाइटच्या केबिनमध्ये रेकॉर्ड करायची, कारण रस्त्यावरचे हॉर्न पोचत नाहीत अशी तेवढीच एक खोली तिला सापडली होती. मंगळवारी सकाळी प्रयोग नसे. दुसऱ्या महायुद्धाचे एकतीस भाग झाले, आणि एकतीसही भाग मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर तोंड शिवून बसला. शेवटी भाची श्रोत्यांना सांगायची, "जागेसाठी मामांचे आभार." जागेसाठी! घरमालकाचे मानावेत तसे.

मामाला माइकसमोर बसायचं होतं. हे मामीला माहीत होतं, तिकीटखिडकीवाल्याला तर पाठ झालं होतं. एकदा त्याने भाचीलाही आडून आडून सुचवलं. ती म्हणाली, आपल्याकडे पुराव्याशिवाय बोलत नाहीत, आणि तुझ्या बोलण्यात पुरावे कमी, हातवारेच जास्त.

आज शेवटचा भाग होता, बर्लिनच्या वेशीवरच्या लढायांचा. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. आवाजाच्या कार्यक्रमाला इस्त्री कशाला, असं मामीने विचारलं होतं. त्याने ते ऐकलंच नाही.

भाची रंगात आली होती. एप्रिल महिना, पहाटेचा काळोख. नदीच्या या काठावर रशियन फौजा, समोर टेकड्यांवर जर्मन. आधी तोफांचा भडिमार, आणि मग एकशे चाळीसच्या आसपास सर्चलाइट एका दमात पेटले, शत्रूचे डोळे दिपवायला. "कल्पना नामी होती," भाची म्हणाली, "पण काही कारणाने फसली."

काही कारणाने! मामाच्या घशातलं कुलूप तिथेच तुटलं.

"समोर धूर होता का गं?"

भाचीने डोळे वटारले. रेकॉर्डिंग चालू होतं.

"नाही, तोफा वाजल्या म्हणालीस, म्हणून विचारतो. धूर असेल तर लाइट पुढे जातच नाही. धुरावर आपटतो आणि आपल्याच डोळ्यांत परत येतो."

भाचीने कागद चाळले. धूर होता. धूळही होती. तरी ती इतिहासाचीच बाई. "पुरावा?" ती म्हणाली.

मामा स्टुलावरून उठला तो शर्टाच्या बाह्या सरसावतच. बारा वर्षांपूर्वी याच रंगमंचावर त्याने धुरासमोर सगळे लाइट पूर्ण सोडले होते, आणि नाटकाचा नायक चालत चालत थेट पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांच्या मांडीत जाऊन बसला होता. पुरावा म्हणे! त्याने धुराचं यंत्र सुरू केलं. धूर पडद्यापासून खुर्च्यांपर्यंत पसरला, तसे त्याने समोरचे सहा लाइट एकदम चढवले. रंगमंच गायब. नुसती पांढरी भिंत.

"बघ," मामा भाचीला म्हणाला. मग माइककडे वळून श्रोत्यांना म्हणाला, "बघा."

आणि कमरेवर हात ठेवून तो चांगला मिनिटभर गप्प उभा राहिला. आयुष्यभराची सवय. लाइट लागला की लाइटवाल्याने बोलायचं नसतं.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "त्यांना दिसत नाहीये."

मामाचा चेहरा पडला. एकतीस भाग जिवाचा कान करून ऐकलेल्या माणसाला हे आजवर सुचलं नव्हतं. तो घाईघाईने बोलायला गेला. "म्हणजे पांढरं... म्हणजे असं..." आणि दोन्ही हात हवेत. मिळाला होता माइक, तोही हातवाऱ्यांत चालला.

भाचीने एकदा त्या हातांकडे पाहिलं, बिनतारी माइक उचलला आणि जिन्यावरून धडधडत खाली धावली. लाइट पाठीशी घेऊन ती धुरात शिरली. केबिनमधल्या स्पीकरवर तिचा आवाज आला, धापा टाकत: "मी पुढे चालतेय. समोर भिंत आहे, पांढरी. माझा हातसुद्धा धड दिसत नाहीये."

तेवढ्यात पलीकडून, रंगमंचावरून, आणखी एक आवाज आला. झाडू घेऊन उभ्या असलेल्या सफाईवाल्या मावशींचा. "ताई, तुम्ही मला दिसताय की. काळ्या पुतळ्यासारख्या. इथून दगड मारला तरी लागेल."

मामाला स्टुलावर उभं राहावंसं वाटलं. "आता विझवतो," तो माइकमध्ये म्हणाला आणि सगळं बंद केलं. मिट्ट काळोख. पाठोपाठ खुर्चीवर गुडघा आपटल्याचा दणका.

"लाव, मामा, लाव!"

"बघ. तिथेही एक म्हणाला असेल लावा, दुसरा म्हणाला असेल विझवा. डोळे सरावणार कशाला, उजेडाला की काळोखाला?"

"झालं होतं!" काळोखातून भाची ओरडली. "हुकूम उलटसुलट आले होते. माझ्या टिपणात आहे, मीच गाळलं. त्या टेकड्या घ्यायला चार दिवस लागले, मामा!"

गुडघा चोळत ती वर आली. केस विस्कटलेले, डोळे चमकत होते. ती माइकवर वाकली.

"आज आपल्यासोबत होते प्रकाशाचे जाणकार, माझे मामा. आणि टेकडीवरून बचाव करणाऱ्यांच्या बाजूने, मावशी." तिने दुसरा माइक त्याच्यापुढे सरकवला. "बोल ना."

मामाने माइकला वाकून नमस्कार केला. मग त्याला आठवलं, आणि त्याने घसा खाकरला.

"धूर निवळायला वीस मिनिटं लागतील," तो म्हणाला. "तोवर जपानचं घ्यायचं का?"