घर हाय, खरं...

"चांगलं हाय, खरं..." एवढं बोलून मामा थांबायचे आणि उजव्या कानावरची पेन्सिल काढून डाव्या कानावर ठेवायचे. पुढचं वाक्य कधी यायचंच नाही.

तुमच्यापैकी जे बेळगाव-खानापूरकडचे नाहीत त्यांना सांगायला हवं, आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. चहा चांगला हाय, खरं... म्हणजे साखर कमी. पोरगी चांगली हाय, खरं... म्हणजे सोयरीक मोडली. मी रामनगरच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मीच, हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो. पोरांच्या वह्यांतलं असलं 'खरं' मी लाल शाईनं खोडायचो. मामांचं काही खोडता आलं नाही.

मामा माझे शेजारी. धंद्यानं सुतार. सगळी आळी त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायची. सुपा धरणाच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा दोघं इकडं आली. नवं घर, चार भिंती, सिमेंटची चौकट.

एका सकाळी कुंपणावरून हाक आली, "मास्तर, बेळगावला येता? टेम्पो बगायचा हाय. ऱ्हायाचा."

"राहायचा टेम्पो?"

"व्हय. आत झोपायचं, आत रांधायचं. संगं शिकल्यालं माणूस आसलं की फशिवत न्हाईत."

मामा तरुणपणी लाकडाच्या ट्रकवर होते, गाडी त्यांना कळायची. मला टायर आणि टायरचा पंप एवढाच फरक ठाऊक. खरं, बी.ए. झालेल्यानं तसं सांगायचं कसं? कॉलेजच्या लायब्ररीत एका इंग्रजी मासिकात मी चाकावरच्या घराचं चित्र पाहिलं होतं. वाटभर मी मामांना समजावलं : पलंग घडीचा हवा, खिडकीला जाळी हवी, गणेशगुडीला नदीकाठी लावली तर शहरातली माणसं भाड्यानं राहतील.

"हाय, खरं..." मामा म्हणाले. पेन्सिल कान बदलून आली.

गॅरेजात बंद डब्याचे तीन टेम्पो उभे होते. पहिला एकदम नवाकोरा दिसत होता. मी टायरला लाथ मारून मान हलवली. मामा इंजिनाकडं गेलेच नाहीत. मागं जाऊन त्यांनी खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली आणि मागच्या दारात आडवी धरली.

"न्हाई बसत."

विकणारा साताऱ्याकडचा, नुकताच आलेला. तो म्हणाला, "पाव्हणं, सोनं आहे ही गाडी!"

"सोनं हाय, खरं..."

"खरंच की!" म्हणत त्यानं कागद काढले आणि नाव विचारलं. 'खरं'चा अर्थ त्याला समजावून सांगता सांगता मला घाम फुटला. तोवर मामांनी दुसरा टेम्पोही नापास केला होता. चार बोटं कमी पडली म्हणे. तिसरा एका बेकरीचा, पाव वाहणारा. पत्रा गंजलेला, आत मुंग्यांची रांग. सुतळी मात्र गाठीला गाठ बसली. तोच घेतला. परतताना मुंग्या माझ्या विजारीत आणि डोक्यात एकच प्रश्न : ह्या माणसाला नेमकं काय पाहिजे?

दोन महिने घरामागच्या परड्यात ठोकाठोक चालली. पत्र्याला आतून फळ्या लागल्या, भिंतीला टेकणारा पलंग झाला, स्टोव्हला कप्पा, पाण्याच्या पिंपाला कडी. मी रोज सूचना करायचो, मामा रोज "खरं..." म्हणायचे. मामींनी मात्र आत पाऊल घातलं नाही.

"उंबऱ्याबिगर घर आसतंय व्हय, मास्तर? मी काय कोंबडी हाय, टेम्पोत चढाय?"

त्याच दिवशी मामांनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेलं एक काळं, जड लाकूड उतरवलं. गावच्या घराचा उंबरा. पाणी येण्याआधी मामांनी तो चौकटीतून उखडून आणला होता. इथल्या सिमेंटच्या दारात तो बसेना. टेम्पोच्या मागच्या दारात बरोब्बर बसला. सुतळीचं कोडं सुटलं, आणि मी आणखीच गोंधळलो. उंबऱ्यासाठी कोणी टेम्पो घेतं?

उत्तर उन्हाळ्यात मिळालं. पाऊस कमी झाला होता, धरणाचं पाणी पार खाली गेलं.

"गावच्या घराची जागा उघडी पडल्याय," मामा म्हणाले. "थितं घर बांधू देत न्हाईत. टेम्पो हुबा कराय कोण न्हाई म्हणंल?" मग आवाज उतरवून, "आमची ही आजून पाटंचं उठली की भिंतीकडं जात्याय, मास्तर. गावात दार त्या बाजूला हुतं. धा वर्सं झाली. एकदा तिला तिच्या दारात निजवायचं हाय."

आम्ही तिघं पुढच्या सीटवर बसून गेलो. भेगाळलेला चिखल, झाडांचे बुंधे, मधे एक दगडी पायरी. मामींनी ती लांबूनच ओळखली. मामांनी मला पायरीपाशी उभं केलं. मी "मागं, मागं, डावीकडं" ओरडत होतो. पाव तास टेम्पो मागंपुढं होत होता. शेवटी मागचं दार पायरीला येऊन टेकलं. तोंड पूर्वेला, पहिल्यासारखं.

मामी पायरीवर चढल्या. उंबऱ्याच्या कडेला एक खाच होती, नारळ फोडता फोडता पडलेली. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं, ते बोट कपाळाला लावलं आणि उजवं पाऊल आत टाकलं. थोड्या वेळानं स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

मामा खालूनच म्हणाले, "काय गं, कसं हाय?"

आतून आवाज आला, "घर हाय, खरं."

मामांनी पेन्सिल काढली. ती कुठल्या कानावर ठेवावी हेच त्यांना कळेना. हळूच मला म्हणाले, "मास्तर, ह्ये 'खरं' कुठलं? आमचं का तुमचं?"

मी चाकाखाली दगड लावायला वाकलो.

पाणी पुन्हा तेवढं उतरायच्या आधी मामा गेले. टेम्पो परड्यातच उभा आहे, चाकं मातीत रुतलेली. मामी रोज दुपारी त्यात बसून तांदूळ निवडतात. एकदा धीर करून विचारलं, "मामी, त्या दिवशीचं 'खरं' कुठलं हो?"

"आवो, तुमी बी.ए. न्हवं?" म्हणाल्या, आणि सुपात मान घातली.

मी उंबरा ओलांडून बाहेर आलो. खाचेत पेन्सिलीचा तुकडा खोचलेला होता. नुकतंच टोक केलेला.