दुर्बिणीच्या काचेवरचं कुंकू

गोदावरीअक्का आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं शिपाई आहेत. माहेर अळणावरकडचं एक खेडं, राहायला धारवाडच्या मळमड्डीत. परीक्षानळी धुतली की उजेडाकडे धरून बघतात. कुठे डाग दिसला की पुन्हा धुतात. मी त्याच शाळेत मराठी शिकवते आणि मधल्या सुट्टीतला चहा त्यांच्या खोलीत पिते, म्हणून ही हकिकत मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. कुंकू लावायचं ते हत्यार जिथून काम करतं तिथेच. कात्रीच्या पात्याला, स्कूटरच्या दिव्याला. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी शाळेला नवी दुर्बीण दिली होती. अक्कांनी तिचं झाकण काढलं, गंधात कालवलेलं हळदकुंकू पुढच्या मोठ्या काचेच्या मधोमध बोटाने टेकवलं आणि नमस्कार केला. मीही शेजारी हात जोडून उभी होते. दोघींच्याही मनात काही आलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तर वेंकटेश सरांनी ती काच बघितली.

"अहो अक्का, चार दिवसांवर कोजागिरी! पालकांना चंद्र दाखवायचा, की तुमचं कुंकू?"

"मी काढते, सर."

"पदराने पुसाल आणि वाट लावाल. कोजागिरीपर्यंत स्वच्छ झाली तर ठीक. नाहीतर कपाटाची चावी माझ्याकडे द्या."

ती चावी बावीस वर्षं अक्कांच्या कमरेला आहे. तरी त्या लगेच पुसायला बसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बाई, हुबळीला येता का? आधी विचारून घेऊ या की."

कमरीपेठेत श्रीकांतअण्णांचं चष्म्याचं छोटं दुकान आहे. त्यांनी मोबाईलवरचा फोटो बघितला आणि मान हलवली. "मी चष्मे करतो, अक्का. हे अंगावर घेणार नाही. पण एक दाखवतो." खणातून त्यांनी एक जुनी दुर्बीण काढली. "हिचे मालक रोज शर्टाच्या टोकाने पुसायचे. धरा उजेडाकडे."

काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे होते.

"नव्या काचेवर हिरवी-जांभळी झाक दिसते ना, तो मुलामा. केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. गेला की परत येत नाही. कुंकवात बारीक कच असते. घासलंत की संपलं."

परतताना बस धारवाडला आल्यावर अक्का म्हणाल्या, "घासायचं नाही. मग निघेपर्यंत बसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बांगड्या वर सारून रुमालाने बांधल्या, म्हणजे काचेला लागायला नकोत. मेडिकलमधून दाबून वारा मारायचा नवा रबरी फुगा आणला होता. तोंडाने फुंकर घातली तर थुंकी उडते. दुर्बिणीचं तोंड खाली झुकवून फुग्याने वारा मारला, तशी सुटी पूड खाली कागदावर पडली. वाळलेलं गंध मात्र हललं नाही.

मग प्रयोगशाळेतल्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेला कापूस त्यांनी डागावर नुसता ठेवला. दाबला नाही. थोड्या वेळाने अलगद उचलला, टाकला, नवा घेतला. असं किती वेळ! माझा धीर सुटला.

"अक्का, एकदा जरा जोर लावा की."

"जोरच लावायचा असता तर सरांनाच बोलावलं असतं."

पूजेचं कुंकू असं कापसाने काढून टाकताना मला आतून जरा खटकत होतं. मी तसं म्हटलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "निर्माल्य काढतोच ना आपण? पण ओरबाडतो का?"

दुपारपर्यंत कच निघाली, पिवळट तेलकट डाग उरला. मी कपाटातलं स्पिरिट पुढे केलं. अक्कांनी त्याचा एक थेंब साध्या काचपट्टीवर टाकला, वाळू दिला आणि पट्टी उजेडाकडे धरली. तेलाचं कडं उमटलं होतं. "हे जखमेला. काचेला नाही." तशाच उठून मेडिकलमधून निव्वळ आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आल्या. तेही आधी पट्टीवर बघितलं. मग दोन थेंब कापसावर, काचेवर नाही. मधून कडेकडे एकदाच हलकं फिरवायचं आणि कापूस टाकायचा. हिरवी-जांभळी झाक परत दिसू लागली. एका बाजूला किंचित पिवळेपणा राहिला.

"तेवढंही काढू या," मी म्हटलं.

"नको. तेवढ्याने चंद्र अडत नाही. हात थांबवायलाही यायला पाहिजे." त्यांनी झाकण लावून टाकलं.

कोजागिरीला शाळेच्या अंगणात दूध उकळत होतं आणि चंद्र नुकताच झाडांच्या वर आला होता. पहिला मान सरांचा. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. "यप्पा! खड्डेन् खड्डे दिसतात हो!" तेवढ्यात त्यांच्या श्वासाने डोळ्याजवळची काच धुरकटली. सवयीने सरांनी खिशातून रुमाल काढला.

"सर!" अक्कांचा आवाज अख्ख्या अंगणाला ऐकू गेला. "रुमाल खिशात. वाफ आपोआप जाते."

सगळे पालक बघत होते. सरांनी रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवला. वाफ गेली.

चावीचं नाव त्या दिवशी कोणी काढलं नाही, नंतरही नाही. ह्या वर्षी खंडेनवमीला अक्कांनी दुर्बिणीचं झाकण घट्ट बसलंय ना ते दोनदा बघितलं, मग कुंकू लावलं ते तिवईच्या पायाला.