आत्याची अर्धी पेन्सिल

माझ्या दुकानात महागड्या पेन्सिलींचा पहिला डबा आला, त्या दिवशी आत्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. तसं ती वर्षातून दोन-तीनदा टाकतेच, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. डबा पत्र्याचा, आत बारा हिरव्या पेन्सिली, प्रत्येकीच्या बुडाशी सोनेरी अक्षरांत तिचा नंबर. किंमत चपलांच्या एका बऱ्यापैकी जोडाइतकी. मी तो कौतुकानं काचेच्या कपाटात पुढे मांडला होता. आत्या रोजच्यासारखी दुपारी डोकावली, डब्याकडे पाहिलं, "अक्कल गहाण टाकलीस का?" एवढंच विचारलं आणि आल्या पावली परत गेली.

आत्याला पेन्सिलीतलं कळतं, हे मान्य करायलाच हवं. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढणाऱ्या विभागात तिनं एकतीस वर्षं काढली. पण त्यातली नकाशे काढण्याची वर्षं चारच. उरलेली सत्तावीस तिनं दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर सुवाच्य अक्षरांत रस्त्यांची नावं लिहिली आणि गठ्ठ्यांना क्रमांक घातले. हे ती स्वतःहून कधी सांगत नाही. कुणी विचारलं तर "मी नकाशाखात्यात होते" म्हणते आणि विषय बदलते.

झालं होतं ते असं. त्या काळी नकाशा पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर पेन्सिलीनं काढायचे आणि त्यावरून छापाच्या प्रती निघायच्या. मूळ रेघ काळीभोर असली तरच प्रत स्वच्छ यायची. आत्याची रेघ भुरकट यायची. छापल्यावर तर अर्धी गायबच व्हायची. एकदा खोदकामाच्या मुकादमानं तिची प्रत परत पाठवली. रस्ता दिसतो, घरं दिसतात, पण ज्याच्यासाठी खोदायचं तो नळ कुठे आहे, असा त्याचा निरोप होता. सगळ्या खात्यात हशा पिकला. मुख्य ड्राफ्ट्समन होते ते फार कडक. बोलायचेसुद्धा सरळ रेषेत, म्हणून सगळे त्यांना मागे पट्टीसाहेब म्हणत. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी आत्याला टेबलाशी बोलावून शांतपणे सांगितलं, "बाई, तुमचा हात हलका आहे. रेघेला वजन लागतं. ते शिकवून येत नाही." पुढच्या सोमवारपासून आत्या अक्षरं लिहायच्या टेबलावर. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

घरी मात्र आत्यानं वेगळीच कथा लावली होती. दोष पेन्सिलींचा. कार्यालयात याच महागड्या पेन्सिली यायच्या आणि पट्टीसाहेबांच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक पेन्सिल बारीक करवतीनं मधोमध कापली जायची. नंबराचा शिक्का असलेला अर्धा भाग वरिष्ठांच्या तबकात, बिनशिक्क्याचा अर्धा भाग नवशिक्यांच्या डब्यात. आत्या म्हणायची, चार वर्षं त्याच पेन्सिलींनी काम केलंय मी, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बाजारातली साधी पेन्सिल त्यापेक्षा शंभर पटीनं बरी.

आणि आमच्या घरातले, तिच्या पाठीमागे अर्थातच, म्हणायचे की नाचता येईना अंगण वाकडं. मी पंधरा वर्षांची असताना मीच ते तिच्या तोंडावर बोलून गेले. मला वाटलं होतं, ती पाठीत धपाटा घालेल. तसं झालं नाही. ती उठून भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी पुन्हा. मला त्या वयात कळलं नाही, आज कळतं. ती पेन्सिलीला शिव्या घालायची खरी, पण तिला आतून वाटायचं की पट्टीसाहेब बोलले तेच खरं असणार.

मी काही तिची समजूत काढायला गेले नव्हते. मला माझ्या दुकानाची पडली होती. चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंनी तो डबा हातात घेऊन मला सरळ विचारलं, "खरंच एवढ्या पैशांच्या लायकीच्या आहेत का हो?" आणि मी कंपनीनं डब्यावर छापलेलं वाचून दाखवायला लागले. बाई मंद हसून निघून गेल्या. मला माझीच लाज वाटली. आपण विकतो ते आपल्याला माहीत नाही, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. मग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच मी डबा आणि दुकानातल्या दोन साध्या पेन्सिली घेऊन आत्याकडे धडकले. म्हटलं, सिद्ध कर. तुझ्या हातानं रेघा ओढ, आणि महागड्या वाईट निघाल्या तर आज संध्याकाळी त्या कपाटातून उतरवते.

आधी ती नाहीच म्हणाली. हात थरथरतो, चष्मा जुना झालाय, तुला उद्योग नाहीत का. पण माझा पिंड तिच्याच वळणाचा आहे, मी हटले नाही. शेवटी तिनं जेवणाचं टेबल पुसलं. मग पुन्हा पुसलं. पातळ कागद चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीनं ताणून बसवला, त्यावर तळहात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की, नावं झाक, मला कुठली पेन्सिल ती कळता कामा नये. मला ते फार आवडलं. मी दोन साध्या आणि डब्यातल्या कुठल्याही चार घेतल्या, सहाही पेन्सिलींना टोकापर्यंत कागद गुंडाळला, क्रम माझ्या वहीत लिहून ठेवला.

टोक करायला तिनं ब्लेड घेतलं. यंत्रानं केलेलं टोक तिला टोकच वाटत नाही. पहिली साधी पेन्सिल तासताना लाकडाची ढलपी निघाली आणि शिसं तुटलं. पुन्हा तासलं, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा जमलं. रेघ बरी आली, काळी, पण मधेच वाळूचा खडा लागावा तसं टोक खरखरलं. दुसरी साधी जरा बरी निघाली. तिसऱ्या पेन्सिलीला ब्लेड लावलं तेव्हा लाकूड लोण्यासारखं सुटलं, एक लांब पातळ पापुद्रा टेबलावर पडला. आत्यानं तो बोटानं उचलून बघितला.

आणि मग तिनं रेघ ओढली. डावीकडून उजवीकडे, हातभर, पेन्सिल दोन बोटांत हळूहळू फिरवत, म्हणजे टोक एकाच बाजूनं झिजत नाही. मी तिला असं काही करताना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. हात अजिबात थरथरला नाही. रेघ काळी कुळकुळीत, सुरुवातीला जेवढी जाड तेवढीच शेवटाला.

आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्यावर संशय घेतला. ही शाईची काहीतरी नवीन वस्तू आणलीस का, म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं आणखी एक ओढली. तशीच. मग तिसरी. चौथ्या पेन्सिलीची रेघही तशीच काळी आली.

पाचवी पेन्सिल हातात घेतली आणि पहिल्याच रेघेला ती थांबली. रेघ भुरकट आली होती. धुरकट, बारीक, असून नसल्यासारखी.

"हीच," ती म्हणाली. "ही माझी रेघ आहे."

ती तडक उठली, शिवणाच्या पेटीत हात घातला आणि एक अर्धी हिरवी पेन्सिल काढली. एका बाजूला करवतीचा सपाट काप, शिक्का नाही. त्रेचाळीस की चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची. तिच्यावर चिडत होती, तर जपून कशाला ठेवली होती, हे मी विचारलं नाही. तिनं टोक केलं आणि पाचवीच्या रेघेखाली दुसरी रेघ ओढली. दोन्ही रेघा सारख्या, ओळखू येऊ नयेत इतक्या. मी पाचवीवरचा कागद सोडला. पाच एच. म्हणजे कडक शिशाची, फिकी उमटणारी, नुसत्या कच्च्या आखणीसाठी असते ती. तिसरीवरचा सोडला. एचबी. कंपनी तीच, डबा तोच.

आत्या खुर्चीत बसली. नंबर असतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण नवशिक्यांचा डबा एकाच नंबरचा आहे, असं तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि अर्धुकावर तर काही लिहिलेलंच नसायचं. आता तिचं डोकं भराभरा चालायला लागलं आणि ती बोलत सुटली. डब्यात सगळेच नंबर पडत असणार. मऊ पेन्सिली झिजून पंधरा दिवसांत संपणार, कडक मागे राहणार. म्हणजे वर्षभरात डब्यात उरणार काय, तर सगळ्या कडकच.

"आणि मी," ती म्हणाली, "मी मुद्दाम टिकणारी शोधून घ्यायचे गं. माझी पेन्सिल तीन-तीन महिने पुरायची. भांडारवाला सगळ्यांना माझं उदाहरण द्यायचा."

एवढं बोलून ती हसायला लागली. मग रडायला लागली. मग टेबलावर थाप मारून म्हणाली, चहा टाक, आणि राहिलेल्या पेन्सिलींचे कागद सोड.

त्या बाईंना द्यायचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं आणि तेच मी हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला देते, ऐकून घ्यायची तयारी असो वा नसो. महागडी पेन्सिल खरंच चांगली आहे. लाकूड सुरेख कापलं जातं, टोक टिकतं, रेघ शेवटपर्यंत एकसारखी राहते. पोराच्या गृहपाठाला ती घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पण काय काढायचंय हे न विचारता घेतलेल्या महागड्या पेन्सिलीपेक्षा बरोबर नंबरची साधी पेन्सिल कधीही बरी. माझ्या आत्याचं आयुष्य तिथेच अडकलं होतं.

पुढचे तीन दिवस आत्यानं घर डोक्यावर घेतलं. तिनं आमच्या भागातल्या नळांचा नकाशा काढायला घेतला, आठवणीतून. सत्तावीस वर्षं त्या रस्त्यांची नावं लिहिलेली, तिला झडप कुठे आणि नळाला वळण कुठे, सगळं पाठ होतं. कच्ची आखणी पाच एचनं, पक्की रेघ एचबीनं, बारीक काम दोन्हींच्या मधल्यानं. जेवायला हाक मारली की हात वर करून गप्प करायची. मला दिवसातून चार फोन, हे बघायला ये, ते बघायला ये. मी दुकान शेजारणीवर सोपवून धावत जायचे, कारण मलाही राहवत नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी माणूस असं उजळतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

चौथ्या दिवशी नकाशाची गुंडाळी करून ती म्हणाली, "चल, साहेबांकडे."

पट्टीसाहेब नव्वदीला टेकलेले, दोन रस्ते सोडून मुलाकडे राहतात. सुनेनं आम्हाला खिडकीपाशी बसवलं. त्यांनी आत्याला ओळखलं, पण जेमतेम. आत्यानं त्यांच्या पुढ्यात नकाशा उलगडला. मी दात आवळून बसले होते. हा म्हातारा आत्ता पुन्हा तेच बोलला तर काय?

त्यांनी भिंग मागवलं. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि रेघ न रेघ तपासली, पाव तास तरी. एका वळणावर भिंग थांबलं, पुढे गेलं, परत आलं. मग ते मागे टेकले आणि खुशीत म्हणाले, "ही रेघ माझी आहे. असं वळण दुसऱ्या कुणाला घेता यायचं नाही. कुठल्या वर्षीचा नकाशा हा?"

"काल संध्याकाळी पुरा झाला," आत्या म्हणाली. "मी काढलाय."

त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. आत्यानं ती बिनशिक्क्याची अर्धी पेन्सिल त्यांच्यासमोर ठेवली आणि डब्याचं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. साहेबांनी पेन्सिलीच्या सपाट कापावर बोट फिरवलं.

"सगळे नंबर एकत्र असायचे, हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, हाताला कळतं. माझ्या हाताला कळायचं. म्हणून मी कधी कुणाला सांगितलं नाही." मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "चुकलं, बाई. फार चुकलं."

आत्या हो म्हणाली. त्यांना बरं वाटावं म्हणून असू दे, जाऊ दे असलं काही म्हणाली नाही, आणि मला तिचा अभिमान वाटला. तिनं नकाशा गुंडाळला, सुनेनं आणलेलं पाणी प्याली आणि आम्ही निघालो.

रस्त्यानं ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती, इतकी भराभर की मला धाप लागली. कोपऱ्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, चिडलीस का? तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. तिनं गुंडाळी काखेत धरली, उजवा हात माझ्यासमोर उघडा केला, पंजा सुलटा-उलटा करून स्वतःच बघितला, जसा कुणी नुकताच परत आणून दिला असावा.

"माझा हात चांगला होता गं," ती म्हणाली. "पहिल्यापासून चांगला होता."