हाकेला ओ देणारं पान

वैशाखरे गावची शीतल मुरबाडच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची, पण राग मेलीच्या नाकावर. २००६ साली तिनं क्लासच्या निकालाचं वेबपेज केलं. चार हजार नावं क्रमानं लावायला घेतली, की पान हँग. पोरं बटणं बडवायची आणि शेवटी कॉम्प्युटरच बंद करायची.

"बंद पडलं नाय रे, काम करतंय ते!" शीतल ओरडायची.

रविवारी ती घरच्या भाताच्या आवणीला गेली. वाकली ती वाकलीच. शेजारी तिची आई, गुणाबाई, एक मूठ रोपं लावून झाली की कंबर सरळ करायची, बांधाकडे बघायची, कुणी हाक मारली तर ओ द्यायची आणि मगच दुसरी मूठ घ्यायची. तरी लेकीच्या मागे काही पडत नव्हती.

सोमवारी शीतलनं पानाला तेच शिकवलं. पन्नास नावं लावायची, कुणी बटण दाबलंय का बघायचं, मग पुढची पन्नास. पान हँग व्हायचं थांबलं.

पुढच्या रविवारी आवणीत वाकल्या वाकल्याच तिनं हे आईला ऐटीत सांगितलं.

"म्हणजे आता ते हाकेला ओ देतं?"

"लगेच!"

"मग तू कवा देशील गो? काकी चहा घेऊन कवाची बांधावर उभी हाय."